चाक मागून वाचावं
अमेरिकन मसल कारसाठी जुनी रेसिंग चाकं कशी शोधावीत, कशी पारखावीत

१९६४ साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागाने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि तिला ‘जीटीओ’ हे नाव दिलं. बेताचं शरीर, दांडगं इंजिन आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला झेपेल अशी किंमत, हे समीकरण अमेरिकेत झपाट्याने रुजलं. शेव्हरोले शेव्हेल, डॉज चार्जर, प्लायमथ रोड रनर अशी रांगच लागली. फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कॅमारो या आकाराने लहान गाड्याही त्याच कुळात मोजल्या जाऊ लागल्या. विम्याचे वाढते हप्ते, धुराचे नवे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा बहर संपवला. गाड्या मात्र उरल्या. आज त्या जिवापाड जपल्या जातात, आणि त्यांची डागडुजी करणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी चाकांचा प्रश्न येतोच.

कारण या गाड्या कारखान्यातून बहुधा साध्या पोलादी चाकांवर, वर चमकदार टोप्या लावून बाहेर पडत. घेणारा तरुण थोडे पैसे साठवायचा, जवळच्या ‘स्पीड शॉप’मध्ये जायचा आणि शर्यतीच्या गाड्यांवर दिसणारी चाकं चढवून यायचा. ती चाकं पुढे विकली गेली, बदलली गेली, कोठारात पडून राहिली. साठ वर्षांनंतर ती शोधणं हे कौशल्याचं काम आहे. ते शिकता येतं, आणि त्याची सुरुवात चाकाच्या दर्शनी बाजूने होत नाही. चाकाची खरी माहिती त्याच्या मागच्या अंगाला असते: मापं, ओतीव खुणा, जुने घाव, भेगा. हा लेख ती बाजू वाचायला शिकण्यासाठी आहे.

ही चाकं आली कुठून

साधं पोलादी चाक म्हणजे पत्रा दाबून केलेली मधली तबकडी आणि तिच्याभोवती जोडलेली रिम. ते स्वस्त आणि चिवट असतं. जोरात आपटलं तर वाकतं, सहसा तुटत नाही. त्याची अडचण वजनाची. चाक, टायर आणि ब्रेक यांचा भार गाडीच्या स्प्रिंगांच्या खाली असतो. उंचवट्यावर चाक उसळलं की त्याला पुन्हा रस्त्यावर टेकवण्याचं काम स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर करतात, आणि चाक जितकं जड तितका टेकायला उशीर. शिवाय चाकाला पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, त्यामुळे वेग घेताना इंजिनाला जड चाकाची किंमत दोनदा मोजावी लागते.

म्हणून शर्यतवाले हलक्या धातूंकडे वळले. एक घन सेंटिमीटर पोलादाचं वजन सुमारे ७.८५ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियमचं २.७ आणि मॅग्नेशियमचं फक्त १.७४ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमान उद्योगात मॅग्नेशियमचं ओतकाम चांगलंच पुढे गेलं होतं. त्या उद्योगाचा अनुभव असलेले टेड हॅलिब्रँड यांनी युद्धानंतर कॅलिफोर्नियात शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं ओतायला घेतली. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्यांच्या चाकांचा दीर्घकाळ दबदबा राहिला, आणि पुढे कॅरल शेल्बी यांच्या कोब्रा गाड्यांवरही ती चढली.

१९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रोमियो पालामिडीस, जिम एलिसन आणि टॉम ग्रिफिथ यांनी ‘अमेरिकन रेसिंग इक्विपमेंट’ सुरू केली. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती हे त्यांचं पहिलं क्षेत्र. १९६३ च्या सुमारास त्यांनी ‘टॉर्क थ्रस्ट’ हे पाच आऱ्यांचं चाक आणलं, आणि मसल कारचं चाक म्हटलं की आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. डिस्क ब्रेकला जागा मिळावी म्हणून आऱ्यांना बाक देऊन काढलेला त्याचा प्रकार म्हणजे ‘टॉर्क थ्रस्ट डी’. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जी हिरवी मस्टँग पळवतो, तिला टॉर्क थ्रस्ट चाकंच आहेत. त्या चित्रीकरणातली मुख्य मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथे मेकम कंपनीच्या लिलावात ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली.

१९६४ साली आलेल्या ‘क्रेगर एस/एस’ने चकाकी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. रॉय रिक्टर यांच्या छत्राखाली निघालेल्या या चाकाची रिम क्रोम चढवलेल्या पोलादाची आणि मधला पाच आऱ्यांचा भाग ॲल्युमिनियमचा होता. इंग्लंडमध्ये मूळ मिनी गाडीसाठी घडलेलं ‘मिनिलाइट’ हे मॅग्नेशियमचं चाक मोठ्या मापात अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम शर्यतींत मस्टँग आणि कॅमारोवर दिसू लागलं. अँसनची फटीची चाकं, कीस्टोन, फेंटन, ई-टी अशी आणखीही नावं बाजारात होती. कारखानेही मागे राहिले नाहीत: शेव्हरोलेचं ‘रॅली’, पॉन्टिॲकचं ‘रॅली टू’, फोर्ड आणि क्रायस्लर या दोघांनी वापरलेलं ‘मॅग्नम ५००’ ही पोलादीच चाकं, पण शर्यतीचा डौल घेऊन आलेली.

एक सावधगिरी इथेच सांगतो. अमेरिकन विक्रेता कुठल्याही जुन्या ओतीव चाकाला सर्रास ‘मॅग’ म्हणतो. बहुतेक वेळा ते ॲल्युमिनियमचं असतं. धातू कुठला ते आपण स्वतः तपासायचं. त्याची रीत पुढे येईल.

आधी हेतू ठरवा

शोधाला निघण्यापूर्वी गाडीचं काय करायचं आहे ते ठरवावं, कारण तीन हेतूंना तीन वेगळी चाकं लागतात.

पहिला हेतू गाडी कारखान्यातून निघाली तशीच उभी करण्याचा. इथे रेसिंग कंपनीचं चाक कितीही देखणं असलं तरी चालत नाही. त्या गाडीला त्या वर्षी मिळणारं कारखान्याचंच चाक, शक्यतो गाडीच्या जन्मतारखेच्या थोडं आधीचं, लागतं. दुसरा हेतू पहिल्या मालकाने गाडी घरी आणून दुसऱ्याच दिवशी सजवायला घ्यावी, तसं तिचं रूप साकारण्याचा. अमेरिकेतले हौशी या पद्धतीला ‘डे टू’ म्हणतात. जुन्या टॉर्क थ्रस्टचं आणि क्रेगरचं खरं स्थान इथे. तिसरा हेतू गाडी नियमित आणि जोरात चालवण्याचा. माझं स्पष्ट मत आहे की त्यासाठी त्याच घडणीची नवी चाकं घ्यावीत. टॉर्क थ्रस्ट आणि क्रेगर एस/एस ही दोन्ही आजही नवी मिळतात. साठ वर्षांचं ओतीव चाक तपासणीत उत्तम ठरलं तर रस्त्यावर चालतं, पण त्याला रोज खड्ड्यांत आपटवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग गाडी मोजा

चाक शोधणाऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी हवी आणि त्या चिठ्ठीवर स्वतःच्या गाडीची मापं हवीत. या व्यवहारात सगळं इंचांत चालतं, म्हणून मापं इंचांतच लिहावीत.

पहिलं माप बोल्टच्या वर्तुळाचं. चाक ज्या बोल्टांवर, म्हणजे हबच्या स्टडवर बसतं, त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या काल्पनिक वर्तुळाचा हा व्यास. शेव्हेल, कॅमारो, जीटीओ अशा जनरल मोटर्सच्या गाड्यांना पाच स्टड आणि ४.७५ इंचांचं (१२०.६५ मिमी) वर्तुळ असतं. आठ सिलिंडरची मस्टँग आणि चार्जर, रोड रनर यांसारख्या क्रायस्लरच्या मध्यम गाड्यांना पाच स्टड, पण वर्तुळ ४.५ इंचांचं (११४.३ मिमी). डॉज डार्ट आणि प्लायमथ व्हॅलियंट या क्रायस्लरच्या लहान गाड्यांना १९७२ पर्यंत फक्त ४ इंचांचं (१०१.६ मिमी) वर्तुळ होतं, त्यामुळे त्यांच्यासाठी जुनी रेसिंग चाकं सापडणं सर्वांत अवघड. सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला तर चारच स्टड होते.

पाच छिद्रांच्या चाकात समोरासमोर छिद्रं येत नाहीत, म्हणून व्यास सरळ मोजता येत नाही. त्यावर साधा उपाय आहे. शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. हे अंतर ४.७५ इंचांच्या वर्तुळात सुमारे ७०.९ मिमी भरतं, ४.५ इंचांच्या वर्तुळात ६७.२ मिमी आणि ४ इंचांच्या वर्तुळात ५९.७ मिमी. पहिल्या दोघांत चार मिलिमीटरचाही फरक नाही, म्हणून नजरेच्या अंदाजावर जाऊ नये. व्हर्निअर जवळ ठेवावा.

दुसरं माप रुंदीचं. चाकावर १५ × ७ लिहिलेलं असेल तर १५ इंच हा व्यास आणि ७ इंच ही रुंदी. पण ही रुंदी टायरची कड जिथे टेकते त्या दोन जागांमधली असते. रिमच्या बाहेरच्या काठापासून काठापर्यंत पट्टी लावली तर जवळपास एक इंच जास्त भरतं. नवखा माणूस सात इंचांचं चाक आठ इंची समजून घेतो तो इथेच.

तिसरं माप सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित: चाक आत किती जातं. चाक दर्शनी बाजू खाली करून ठेवा. मागच्या काठावर एक सरळ पट्टी आडवी टाका. पट्टीपासून, चाक हबला जिथे टेकतं त्या सपाट जागेपर्यंतचं खोल अंतर मोजा. अमेरिकन बाजारात याला ‘बॅकस्पेसिंग’ म्हणतात. हे अंतर जास्त असेल तर चाक आत सरकतं आणि सस्पेन्शनला किंवा लीफ स्प्रिंगला घासतं. कमी असेल तर बाहेर येतं आणि मडगार्डच्या काठाला लागतं. सात इंची चाकाची एकूण रुंदी आठ इंच धरली आणि बॅकस्पेसिंग चार इंच भरलं, तर हबची टेकण्याची जागा बरोबर मध्यावर आहे असं समजायचं. सव्वाचार इंच भरलं तर चाक सुमारे सहा मिलिमीटर आत बसेल.

आपल्या गाडीला किती चालेल हे गाडीच सांगते. सध्याच्या चाकाचं बॅकस्पेसिंग मोजा. मग चाक आणि टायर जागेवर असताना आत आणि बाहेर किती मोकळी जागा आहे ते पाहा. पुढची चाकं स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासा, आणि गाडी खाली दबेल तेव्हा मडगार्ड कुठवर येईल याचाही विचार करा.

चौथी गोष्ट ब्रेकची. मूळ टॉर्क थ्रस्टसारखी सुरुवातीची अनेक चाकं ड्रम ब्रेकच्या काळातली आहेत. गाडीला डिस्क ब्रेक असतील तर कॅलिपर आऱ्यांना किंवा रिमच्या आतल्या अंगाला अडू शकतो. चाक विकत घेण्याआधी एकदा हबवर चढवून हाताने पूर्ण फिरवून पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

पाचवी गोष्ट नटांची. पोलादी चाकाचा नट निमुळत्या तोंडाचा असतो आणि तो छिद्राच्या तितक्याच निमुळत्या बैठकीत रुततो. अनेक जुन्या ओतीव चाकांचं छिद्र मात्र सरळ असतं. त्यात लांब नळीसारख्या मानेचा नट जाड वॉशरसह बसतो. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी कधीच वापरू नयेत, नाहीतर नट घट्ट वाटतो आणि धावताना सैल होतो. काही चाकांना लांबट फटी असतात, म्हणजे एकच चाक वेगवेगळ्या वर्तुळांच्या गाड्यांना बसावं. अशा चाकांना नेमक्या मापाचे विशेष वॉशर लागतात, आणि ते हरवले असतील तर चाक निरुपयोगी समजावं. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत आणखी एक खुबी आहे: १९७० च्या आसपासपर्यंत डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे होते. ते ठाऊक नसलेल्या माणसाने आजवर कितीतरी स्टड मोडले आहेत.

शोधायचं कुठे

चिठ्ठी तयार झाली की बाजार. अमेरिकेत जुन्या सुट्या भागांचे मोठे मेळावे भरतात, त्यांना ‘स्वॅप मीट’ म्हणतात. पेनसिल्व्हेनियात हर्शी इथे दर ऑक्टोबरमध्ये अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाचा मेळावा असतो. त्याच राज्यात कार्लाइल इथे बिल मिलर आणि चिप मिलर यांनी १९७४ मध्ये सुरू केलेले मेळावे वसंतात आणि शरदात भरतात. शिवाय उन्हाळ्यात फोर्ड, क्रायस्लर आणि जनरल मोटर्ससाठी स्वतंत्र मेळावे असतात. मसल कारची चाकं हवी असतील तर हे वेगवेगळ्या कंपन्यांचे मेळावे जास्त फळतात. पश्चिमेला कॅलिफोर्नियात पोमोना आणि लाँग बीच इथले बाजार प्रसिद्ध आहेत, आणि रेसिंग चाकांचा धंदा मुळात कॅलिफोर्नियातच वाढल्यामुळे तिथे माल अजूनही निघतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कार्लाइल आणि हर्शी मोटारीने एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. या छंदाची ज्यांना ओढ आहे त्यांनी एकदा तरी तो पसारा डोळ्यांनी पाहावा.

मेळाव्यात पहिल्या दिवशी पहाटे पोहोचणाऱ्याला निवड मिळते आणि शेवटच्या दुपारी पोहोचणाऱ्याला किंमत मिळते. चाकं जड असतात, जागा खातात. परत लादून नेण्यापेक्षा विक्रेता दोन पावलं खाली येतो. पण जे चाक खरंच दुर्मीळ आहे ते शेवटच्या दुपारपर्यंत राहत नाही.

मेळाव्यांबाहेरही वाटा आहेत. १९५४ पासून निघणारं ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं नावाजलेलं मासिक. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांतली भंगार आवारं महत्त्वाची, कारण तिथे पोलाद फारसं गंजत नाही. उलट हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत धावलेलं चाक वरून चकचकीत असलं तरी जोडात पोखरलेलं असू शकतं. जुनी टायरची दुकानं, बंद पडलेली स्पीड शॉप्स, वयस्कर ड्रॅग रेसरांची गॅरेजं, आणि घरमालक वारल्यावर होणाऱ्या सामानाच्या विक्र्या, इथे बाजारात न आलेला माल असतो. तिथे पोहोचण्याचा एकच मार्ग म्हणजे माणसं. त्या त्या कंपनीच्या गाड्यांच्या स्थानिक क्लबात जावं, काय हवं आहे ते मापांसकट सांगावं आणि धीर धरावा. “टॉर्क थ्रस्ट आहेत का?” या प्रश्नापेक्षा “१५ × ७, पाच छिद्रं, पावणेपाच इंचांचं वर्तुळ” हे ऐकल्यावर जुना माणूस गांभीर्याने गॅरेजचं दार उघडतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ड्रॅग शर्यतीत पुढे अरुंद आणि मागे रुंद चाकं लावत, त्यामुळे चारांचा सारखा संच क्वचित मिळतो. बहुधा जोडी मिळते. एक जोडी घेऊन दुसरीसाठी वर्षानुवर्षं थांबणं हा या शोधाचा स्वभावच आहे. अशा वेळी पहिल्या जोडीच्या मागच्या बाजूचं स्पष्ट छायाचित्र जवळ ठेवावं, म्हणजे दुसरी जोडी त्याच साच्याची आहे का ते जागेवर कळतं. दुसरं, मधल्या टोप्या, नट आणि वॉशर चाकाबरोबरच मागून घ्यावेत. सुटी टोपी शोधायला निघालं की कळतं, चाक शोधणं सोपं होतं.

मागची बाजू वाचणं

जुनं घर घेताना जाणता माणूस भिंतीचा रंग पाहत नाही, ओल शोधतो. चाकाचंही तसंच. विक्रेता दूर असेल तर पहिलं छायाचित्र मागच्या बाजूचं मागावं, दुसरं छिद्रांचं जवळून.

सुरुवात धातूपासून. छोटं लोहचुंबक सोबत ठेवा. ते रिमला चिकटलं आणि आऱ्यांना चिकटलं नाही तर चाक क्रेगरसारखं मिश्र बांधणीचं आहे. सगळीकडे चिकटलं तर पोलादी. कुठेच चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम. या दोघांत फरक करायला आधी हाताने उचला. मॅग्नेशियमचा हलकेपणा पहिल्यांदा उचलणाऱ्याला चकित करतो. खात्रीसाठी मालकाच्या परवानगीने मागच्या एखाद्या न दिसणाऱ्या जागी, उघड्या धातूवर व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात. ॲल्युमिनियम शांत राहतं. नंतर ती जागा पाण्याने धुवून कोरडी पुसावी.

मग ओतीव अक्षरं वाचा. कंपनीचं नाव, माप, साच्याचा क्रमांक मागे किंवा हबच्या जागेजवळ असतो. कारखान्याच्या चाकांवर खुणा ठोकलेल्या असतात. शेव्हरोलेच्या रॅली चाकावर हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ दोन अक्षरांचा संकेत असतो आणि तारखेचा ठसा असतो. १९६९ च्या कॅमारो झेड/२८ च्या १५ × ७ रॅली चाकाचा संकेत ‘वायएच’. तारखेचा ठसा ‘के १ ९ २ १२’ असा दिसला तर ‘के’ म्हणजे बनवणारी केल्सी-हेज कंपनी, १ म्हणजे शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९, मग फेब्रुवारी महिना आणि १२ तारीख. गाडी त्या तारखेनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जुळवलेली असेल तर हे चाक तिचं असू शकतं. गाडी आधीची असेल तर चाक नंतर आलेलं आहे, विक्रेता काहीही सांगो.

आता घाव शोधा. स्टडची छिद्रं गोल आहेत का? सैल नटावर धावलेल्या चाकाचं छिद्र लांबट होतं, आणि त्यातून बारीक भेगा बाहेर पसरतात. आऱ्याची मुळं पाहा, म्हणजे आरा हबच्या भागाला जिथे मिळतो ती वळणं. ताण तिथे सर्वाधिक येतो. रिमचा आतला काठ बोटाने सगळीकडून चाचपा, कारण आतून हातोडीने सरळ केलेला काठ बाहेरून दिसत नाही. वेल्डिंगचा उंचवटा किंवा घासून सपाट केलेला चकचकीत पट्टा दिसला तर तिथे पूर्वी काहीतरी फुटलेलं होतं असं धरून चाला. मिश्र बांधणीच्या चाकात पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या जोडाकडे बघा. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र राहिले की गंजाचा वेग वाढतो, आणि क्रोमखाली आलेला फुगवटा तीच गोष्ट सांगतो.

मॅग्नेशियमवर पांढरी-करडी पूड आणि खोल खड्डे दिसतात. वरवरची पूड चालते. हबच्या जागेत किंवा आऱ्याच्या मुळाशी खड्डे असतील तर सोडून द्यावं. नवा जाड रंग दिसला की जास्त सावध व्हावं, कारण भेग झाकायला रंगासारखी सोय नाही.

डोळ्यांची तपासणी संपल्यावर दोन परीक्षा उरतात. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग यंत्रावर चाक फिरवून त्याचा हेलकावा पाहावा. वरखाली किंवा आजूबाजूला साधारण एक मिलिमीटरपेक्षा जास्त डोलत असेल तर ते वाकलेलं आहे. आणि ओतीव चाक रस्त्यावर उतरवायचं असेल तर रंग काढून रंगद्रव्याची तपासणी करून घ्यावी. पातळ रंगीत द्रव पृष्ठभागावर लावतात, तो बारीक भेगांत शिरतो; वरचा पुसून, भेगेतला रंग बाहेर ओढणारा ‘विकासक’ फवारला की भेग रेघ होऊन उमटते. आतली पोकळी मात्र यात दिसत नाही, ती क्ष-किरणांत दिसते. शर्यतीसाठी वापरायच्या मॅग्नेशियम चाकांना दोन्ही परीक्षा हव्यातच. या खर्चाला कुरकुरू नये. चाक तुटलं तर गाडीबरोबर माणूसही जातो.

दुर्मीळ म्हणजे वापरण्याजोगं नव्हे

क्रायस्लरने १९६९ साली आपल्या गाड्यांसाठी पोलादी रिम आणि ओतीव मध्य असलेलं एक देखणं चाक दिलं. त्याचा संकेत ‘डब्ल्यू २३’. नट सैल होत असल्याचं लक्षात आल्यावर कंपनीने ती चाकं परत बोलावली. जी थोडी परत गेली नाहीत ती आज संग्राहकांत फार मोलाची आहेत. त्यांची किंमत ज्या दुर्मीळपणातून येते, तो दुर्मीळपणाच त्यांच्यातल्या दोषामुळे आलेला आहे. प्रदर्शनात उभ्या गाडीवर ती शोभतात. महामार्गावर त्यांची जागा नाही. प्रत्येक जुन्या चाकाबाबत हा फरक मनाशी स्पष्ट ठेवावा.

नकलेचंही तसंच. नव्याने ओतलेलं चाक नवं म्हणून विकलं तर ती चांगली वस्तू आहे. तेच घासून, मळवून जुनं म्हणून विकलं तर फसवणूक. ओळखण्याच्या जागा त्याच: मागची अक्षरं, ओतकामाचा पोत, यंत्रावर कातलेल्या जागांची सफाई. खात्रीच्या अस्सल चाकाशेजारी ठेवून पाहणं सर्वांत उत्तम.

डागडुजी आणि बसवणं

सफाई सौम्य हातांनी करावी. मॅग्नेशियमला आम्लात बुडवू नये. त्याची बारीक पूड आणि कातण पेट घेतं आणि पाण्याने ती आग भडकते, म्हणून ते घासण्या-कातण्याचं काम अनुभवी कारागिराकडेच द्यावं. उघडं मॅग्नेशियम रासायनिक लेप आणि रंग यांच्याशिवाय टिकत नाही. ॲल्युमिनियमला भट्टीतल्या पावडर रंगासाठी तापवताना तापमान जपावं. प्रमाणाबाहेर उष्णता दिली तर ओतीव मिश्रधातूची ताकद उतरते. भेग गेलेल्या आऱ्याला वेल्डिंग करून रस्त्यावर आणू नये.

जुन्या चाकांबरोबर अनेकदा जुने टायरही येतात. ते कितीही छान दिसोत, त्यांवर गाडी चालवू नये. रबर आतून म्हातारं होतं. २००० सालापासूनच्या टायरवर संकेताचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, त्यामुळे वय कळायला अडचण नाही. जुनं ओतीव चाक सूक्ष्म छिद्रांतून हवा सोडत असेल तर आतून लेप द्यावा लागतो. टायर चढवणाऱ्याला चाक जुनं आणि मऊ धातूचं आहे हे आधी सांगावं, आणि वजनं काठाला न ठोकता आतून चिकटवायला सांगावीत.

बसवताना हबची जागा गंज आणि रंग काढून स्वच्छ करावी. नट हाताने सुरू करून, एक सोडून एक अशा क्रमाने, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात किंवा चाकाच्या निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंत आवळावेत. ओतीव चाक पहिल्या काही किलोमीटरांत बैठक घेतं, म्हणून सुमारे ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. ही एक सवय कितीतरी अपघात टाळते.

शेवटी एक विनंती. चाकं मिळाली की त्यांची नोंद करा: कुठे मिळाली, कोणाकडून, मागची अक्षरं आणि तारखा कोणत्या, तपासणी कधी झाली, काय निघालं. छायाचित्रांसह तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. चाक रस्त्यासाठी नाकारलं गेलं असेल तर तसं ठळक लिहा. गाडी विकताना किंवा पुढच्या पिढीकडे सोपवताना ही नोंद सोबत द्या. पुढचा माणूस तुमच्याइतकाच उत्साही असेल, आणि कोणतं चाक पळवायचं आणि कोणतं नुसतं जपायचं हे त्याला अंदाजाने ठरवावं लागू नये.